आय पुढं, मी मागं

मित्रांनो, कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या वाटेवर एक पत्र्याची शेड आहे. तिथं एका अंगाला कलंडून उभी असलेली जुनी रिक्षा तुमच्या कधी नजरेस पडली असेल, तर ती मीच. माझं एक चाक काढून ठेवलंय. हूड फाटलंय. मागच्या सीटखाली एक मांजर व्यालीय आणि तिच्या पिल्लांना माझ्या स्पंजच्या चिंध्या फार आवडतात. तरी अजून माझ्या कानात पोरांचा गलका आहे, आणि त्या गलक्यात एक दिवस पसरलेली शांतताही.

माझा जन्म लांबच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. ट्रकवर चढून मी कोल्हापूरला आले. उद्यमनगरात मला हूड चढलं, आरसे लागले. चन्नाप्पा नावाच्या माणसानं मला घरी आणलं. तो मूळचा गडहिंग्लजकडचा. घरात कन्नड बोलायचा, स्टँडवर मराठी. त्यानं मला लाल गोंडे लावले, झालरी शिवल्या. सजवलेल्या रिक्षांची स्पर्धा झाली तेव्हा लोक माझ्याभोवती गोल करून उभे राहिले. "काय नटवलीया वो चन्नाप्पा! नवरीच की!" असं म्हणाले. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

पुढं गोंडे विटले, झालरी फाटल्या आणि मला शाळेची वर्दी मिळाली. बावड्यातून पोरं घ्यायची, शहरातल्या इंग्रजी शाळेत सोडायची, दुपारी परत आणायची. चन्नाप्पानं माझ्या आत एक लाकडी फळी बसवली, म्हणजे जास्त पोरं मावतील. माझी डावी बाजू सताड उघडी होती. अडवायला होता तो फक्त एक उभा लोखंडी दांडा.

मित्रांनो, लोक म्हणतात, रिक्षेला काय कळतं? मला इंजिनातलं कळतं आणि भीतीतलं कळतं. माणूस घाबरला की आधी त्याची मूठ माझ्या दांड्यावर आवळते. किती मुठी मी ओळखते! त्यांतली सगळ्यांत घामेजलेली मूठ भूमिकाची.

भूमिका ही चन्नाप्पाची नात. चौथीत होती. तिची आई शिवलीला दूध संघात कामाला जायची, म्हणून पोरगी आजोबांच्याच मागं मागं असायची. त्यांना ती अज्जा म्हणायची. लहान पोरं आत बसावीत म्हणून ती स्वतः उघड्या बाजूला, दांड्यापाशी बसायची. पहिलीतली मोना तिच्या मांडीला चिकटून असायची. आणि समोरच्या फळीवर सम्राट.

सम्राट सातवीत होता. अंगानं दांडगा. त्याचे वडील हंबीरराव पाटील म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. त्यांचा आवाज गल्लीच्या या टोकाला निघाला की त्या टोकाला पोहोचायचा. सम्राटचा एक खेळ होता. वळण आलं की तो एखाद्या पोराच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि हळूच म्हणायचा, "ढकलू? ढकलू काय?" पोर किंचाळलं की हसायचा. चन्नाप्पाचं लक्ष रस्त्यावर. मी मात्र रोज बघत होते, आणि मला ओरडता येत नव्हतं. हॉर्नसुद्धा दुसऱ्या कुणी दाबावा लागतो.

ते गाळपाचे दिवस होते. दुपारी शाळा सुटून आम्ही बावड्याकडं निघालो. त्या दिवसांत हा रस्ता उसाचा असतो. एका ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या, त्यावर आभाळाला टेकलेला ऊस, आणि वर टेपवर मोठ्यानं गाणी. असाच एक ट्रॅक्टर आमच्या मागं लागला होता. त्याची धडधड माझ्या पत्र्यात उतरत होती.

"ए, सरक. तिथं मला बसायचंय," सम्राट म्हणाला.

"मोना पडंल," भूमिका म्हणाली. "बस की तिथंच."

"ढकलू काय?"

"न्हाय हं, सम्राट. मागं ट्रॅक्टर हाय."

तो हसला आणि त्यानं ढकललं. या वेळी खरंच, दोन्ही हातांनी. भूमिका बाहेर कलली, पण तिची मूठ माझ्या दांड्यावर होती. ती दांड्याला घट्ट बिलगली. सम्राटनं अंगाचा सगळा भार पुढं टाकला होता. समोर अडायला कुणी उरलं नाही. त्याचा पाय माझ्या कडेवरून निसटला आणि तो उघड्या बाजूनं बाहेर गेला.

मागं ब्रेकचा आवाज झाला. मित्रांनो, तो आवाज मी विसरू शकत नाही. ट्रॅक्टरचं मोठं चाक सम्राटच्या दप्तराला चिकटून थांबलं. वरच्या मोळ्या सुटून खाली घरंगळल्या. सम्राट रस्त्याच्या कडेला पालथा पडला होता, हात अंगाखाली दुमडलेला. तो जिवंत होता. हात मोडला होता.

माझ्या आत एकही पोर रडत नव्हतं. इतकी शांतता मी माझ्या पोटात कधी ऐकली नव्हती.

सम्राटला दवाखान्यात नेलं. हंबीररावांनी विचारलं, "कसा पडलास?" त्यानं सांगितलं, "भूमिकानं ढकललं." संध्याकाळपर्यंत ते सगळ्या बावड्याला कळलं. बघितलेल्या पोरांपैकी पाटलांच्या धाकानं कुणी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यात फक्त दोघी होत्या, भूमिका आणि मोना. बाकीच्यांच्या घरच्यांनी पोरं पाठवलीच नाहीत. शाळेच्या आवारात मी थांबले, तशा मुख्याध्यापिका मॅडम माझ्यापाशी आल्या. सोबत इंग्रजी शिकवणाऱ्या संयोगिता टीचर होत्या. मॅडम फार लांबच्या प्रांतातून आलेल्या. बाई वाईट नव्हत्या, पण मराठी त्यांना बेताचीच कळायची. शाळेत बोलायचं ते इंग्रजीत, असा नियमही होता.

त्यांनी माझी उघडी बाजू बघितली, फळी बघितली. मग वाकून भूमिकाला इंग्रजीत विचारलं, "काय झालं, बाळ?"

भूमिकाच्या मनात वाक्य तयार होतं. रात्रभर तयार होतं. मला त्यानं ढकललं. पण मॅडमच्या चष्म्यात तिला स्वतःचा घाबरलेला चेहरा दिसत होता. तिनं एकेक मराठी शब्द उचलला आणि त्याच्या जागी इंग्रजी शब्द ठेवला.

"मी... ही... पुश्ड."

आता नीट ऐका, मित्रांनो, कारण सगळं संकट या इवल्या शब्दांत आहे. इंग्रजीतला 'मी' म्हणजे आपला 'मला'. आपण ज्याला 'मी' म्हणतो, त्याला इंग्रजीत 'आय' म्हणतात. आणि त्यांचा 'ही' म्हणजे आपला 'तो'. म्हणजे पोरीनं शब्द अचूक निवडले होते. फक्त ते मराठीच्या रांगेत उभे केले होते. पण मॅडमना इथल्या पोरांची एक खोड पाठ होती. 'आय'च्या जागी सगळी पोरं बिनदिक्कत 'मी' म्हणतात. 'मी गो होम.' 'मी ड्रिंक वॉटर.' त्यामुळं मॅडमना ऐकू आलं ते उलटं. मी त्याला ढकललं.

त्यांनी खात्री करून घेतली. "यू पुश्ड हिम?" तू त्याला ढकललंस?

भूमिकाला वाटलं, मॅडम आपलंच वाक्य शुद्ध करून म्हणून दाखवतायत. 'हिम' म्हणजे कोण, हे भीतीनं तिला आठवलंच नाही.

"येस, मॅडम," ती म्हणाली.

मॅडम सरळ झाल्या. त्यांचा चेहरा उतरला. संयोगिता टीचरच्या कपाळाला आठी पडली. सोमवारी दोन्ही घरच्यांना बोलावलं आणि तोवर भूमिकानं घरी थांबायचं ठरलं.

त्या संध्याकाळी हंबीरराव शेडपाशी आले. त्यांनी माझ्या टपावर थाप मारली, ती माझ्या चाकांपर्यंत गेली.

"चन्नाप्पा! तुझ्या नातीनं कबूल केलंय, ऐकलंस न्हवं? माझं एकुलतं एक पोरगं हाय. चाकाखाली गेलं असतं म्हंजे?"

चन्नाप्पा हात जोडून उभा होता. "पाटील, माझी पोरगी तसली न्हाय."

"तसली न्हाय तर व्हय कशाला म्हणली? सोमवारी तिचा दाखला तुझ्या हातात पडतोय बघ. आणि ह्या रिक्षेत मला परत एक पोरगं दिसता कामा न्हाय."

ते गेले. भूमिका माझ्या मागच्या सीटवर गुडघ्यात तोंड घालून बसली होती. चन्नाप्पा तिच्या शेजारी बसला. लाडात आला की तो तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायचा.

"खरं सांग, अव्वा. तू ढकललीस?"

"न्हाय, अज्जा. त्यानं मला ढकललं. मी मॅडमना तसंच सांगितलं की!"

"मग त्या तू कबूल केलंस का म्हणत्यात?"

खरं सांगूनही ते खोटं कसं होतं, हेच तिला कळत नव्हतं. मित्रांनो, मार खायची भीती मी पाहिली आहे, पडायची पाहिली आहे. पण ही भीती वेगळी होती. आपल्याच तोंडातून निघालेला शब्द आपल्यावर उलटतो, मग आता तोंड उघडायचं तरी कसं?

तिन्हीसांजेला संयोगिता टीचर स्कूटीवरून आल्या. त्यांनी भूमिकाच्या शेजारी बसून मराठीत विचारलं, "काल काय झालं ते मला आपल्या भाषेत सांग बरं." भूमिकानं सांगितलं. सगळं. न अडखळता, न थांबता.

टीचरनी डोळे मिटले. "मला सकाळीच शंका आली होती गं. तू कायम असंच लिहितेस. 'मी ही गेव्ह पेन्सिल.' ये, उतर खाली."

त्यांनी तिला माझ्या पुढच्या, चालकाच्या सीटवर बसवलं. "ही रिक्षा म्हणजे 'पुश्ड' असं समज. ढकललं. आता रिक्षा कोण चालवतं?"

"अज्जा. पुढं बसून."

"आणि मागं कोण बसतं?"

"ज्याला न्यायचं तो."

"बरोबर. करणारा पुढं. ज्याच्यावर होतं, तो मागं. आता तू पुढच्या सीटवर आहेस. तू करणारी. पुढं असलीस की तुझं नाव 'आय'. जा, मागं बस. आता तू मागच्या सीटवर. आता तुझं नाव 'मी'. माणूस तूच, पण जागा बदलली की इंग्रजीत नाव बदलतं. सम्राट पुढं बसला तर?"

"ही."

"मागं बसला तर?"

भूमिकानं टीचरकडं बघितलं.

"हिम," टीचर म्हणाल्या. "त्याला."

भूमिका पुढं बसली, मागं बसली, परत पुढं बसली. माझ्या स्प्रिंगा कुरकुरल्या. आय, मी. ही, हिम. शी, हर. मग तिनं स्वतःच एक वाक्य जुळवलं आणि ओठातल्या ओठात घोळवायला लागली, "आय पुढं, मी मागं. आय पुढं, मी मागं." बाजाराला जाताना तिची आय, म्हणजे आई, पुढं चालते आणि ती मागनं, तसं.

एकदम ती थांबली. तिचा हात तोंडावर गेला.

"टीचर... मॅडमनी विचारलं, यू पुश्ड हिम. म्हंजे यू पुढं? हिम मागं? म्हंजे मीच त्याला... आणि मी येस म्हणालो?"

टीचरनी मान हलवली.

"मी मॅडमशी बोलले," टीचर म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, मुलीनं स्वतः सांगितलंय, बदलायचं तर तिनंच बदलावं. मी शेजारी उभी राहीन. पण सांगायचं तुलाच."

सोमवारी आवारात गर्दी झाली. कसं ढकललं ते रिक्षेपाशीच दाखवा, असा हंबीररावांचा हट्ट होता, म्हणून सगळे माझ्याभोवती उभे राहिले. सम्राट प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून वडिलांच्या मागं होता. त्यानं भूमिकाकडं बघून भुवई वर केली. भूमिकाची मूठ माझ्या दांड्यावर आली. ती बर्फासारखी गार होती.

मॅडमनी विचारलं, "हू पुश्ड हूम?"

कोणी, कुणाला. पण 'हूम' हा शब्द भूमिकानं कधी ऐकलाच नव्हता. टीचरनी तो शिकवला नव्हता. तिनं टीचरकडं बघितलं. त्यांना बोलायची मुभा नव्हती. तिचे ओठ हलले. आय पुढं, मी मागं.

"आय..." ती म्हणाली आणि तिचा आवाज बसला.

"बघा! आय म्हणली!" हंबीरराव गरजले. "मीच, असं म्हणती!"

भूमिकानं डोळे गच्च मिटले. मला वाटलं, संपलं. आता ही पोरगी पळणार, आणि आयुष्यभर पळत राहणार. चन्नाप्पा एक पाऊल पुढं आला आणि तिथंच थांबला. या वेळी त्याला मदत करता येत नव्हती.

मग ती माझ्यात चढली. स्वतःच्या जागेवर, उघड्या बाजूला बसली. दांडा धरला. आणि बसल्या बसल्या, एकेक शब्द तपासून खाली ठेवावा तसं बोलली.

"आय सॅट हिअर. ही पुश्ड मी."

मॅडम वाकल्या. "यू मीन, यू पुश्ड हिम?"

तोच प्रश्न. तसाच चष्मा, त्यात तसाच चेहरा.

"नो, मॅडम. नॉट हिम. ही... पुश्ड... मी. आय हेल्ड द रॉड. ही फेल." मी दांडा धरला आणि तो पडला.

मोना टीचरच्या मागं होती. तिनं बोट उचललं आणि सम्राटकडं धरलं.

हंबीरराव मुलाकडं वळले. त्यांचा आवाज खाली आला, आणि तो खालचा आवाज वरच्या आवाजाहून भयंकर होता. "काय रं? काय म्हणती ही?"

सम्राटचा चेहरा पांढराफटक पडला. तो माझ्या कडेकडं बघत होता, जिथून त्याचा पाय निसटला होता. त्याला तिथं ते मोठं चाक दिसत असावं. मला तरी अजून दिसतं.

"मी," तो म्हणाला. "मी... ढकललं."

मॅडमनी चटकन विचारलं, "मी? कुणी तरी याला ढकललं, असं म्हणतोय का हा?"

संयोगिता टीचर हळू आवाजात म्हणाल्या, "नाही, मॅडम. तो मराठीत बोलतोय. त्याचा 'मी' म्हणजे तुमचा 'आय'."

मॅडम तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी सम्राटकडं बघितलं, मग भूमिकाकडं. एकाच शब्दानं त्या दोनदा चकल्या होत्या. त्यांचा हात नकळत माझ्या हुडावर टेकला, जणू आधाराला.

हंबीररावांचा हात मात्र वर गेला होता. सम्राटनं बरा असलेला हात तोंडावर घेतला आणि तो ओरडला, "आण्णा, तुम्ही मारशीला म्हणूनच खोटं बोललो!"

त्या क्षणी चन्नाप्पा मध्ये गेला. ज्याची रिक्षा बंद करायला निघाले होते, तोच. त्यानं हंबीररावांचं मनगट धरलं नाही, नुसता समोर उभा राहिला.

"पाटील, पोराचा एक हात मोडलाय. ऱ्हाऊ दे."

हंबीररावांचा हात खाली आला. ते माझ्या पायरीवर मटकन बसले. इतका मोठा माणूस, पण बसल्यावर मला त्यांचं फारसं ओझं वाटलं नाही. मग ते म्हणाले, "मला भितोस व्हय रं, सम्राट?" सम्राट रडत होता.

मित्रांनो, त्यानंतर सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. भूमिकाला शाळेनं ठेवून घेतलं. मॅडमनी तिची माफी मागितली, मोडक्यातोडक्या मराठीत. पण तो हंगाम संपेपर्यंत मागून ट्रॅक्टरची धडधड आली की ती डोळे मिटायची आणि माझा दांडा दुखेपर्यंत धरायची. सम्राट प्लॅस्टर काढून परत आला. दोघांची मैत्री झाली नाही. तो आतल्या कोपऱ्यात गुपचूप बसायचा आणि "ढकलू काय" हा शब्द माझ्या आत पुन्हा कुणी उच्चारला नाही. चन्नाप्पानं माझ्यातली फळी काढून टाकली, उघड्या बाजूला लोखंडी जाळीचं दार बसवलं आणि पोरं कमी केली. कमाई घटली. त्याबद्दल तो कधी बोलला नाही.

मग वर्षं गेली. माझं इंजिन धापा टाकायला लागलं, पासिंग मिळेना, आणि मी या शेडमध्ये आले. भूमिका आता मोठ्या वर्गात आहे. सायकलवरून जाते. इंग्रजी चांगलं बोलते म्हणे. अलीकडं मला भंगारात द्यायची बोलणी चालू आहेत. त्याचं मला वाईट वाटत नाही. लोखंड वितळलं तरी कुठंतरी परत दांडा होईल, कुणाच्या तरी मुठीत येईल.

जायच्या आधी तुमच्याकडं एकच मागणं आहे. इंग्रजी शिका, खूप शिका. पुढं कोण बसतं, मागं कोण बसतं, ते नीट पाठ करा. पण तुमच्यासमोर एखादं लेकरू घाबरून उभं असेल, तर त्याला परीक्षेत बसवल्यासारखं विचारू नका. ज्या भाषेत ते रात्री दचकून उठतं, त्या भाषेत त्याला विचारा. आणि त्यानं "हो" म्हटलं, तरी एकदा थांबा. त्याला तुमचा प्रश्न तरी कळला होता का, ते आधी बघा.